डिझेल गेले कुठे?

आमच्या वाचकांत ट्रक, टेंपो, डंपर चालवणारी घरे पुष्कळ आहेत. कुणी चालक, कुणी क्लीनर, कुणी हमाल, तर कुणी कर्ज काढून एखादी जुनी गाडी घेतलेला. तेव्हा या वेळी जुन्या डिझेल गाडीच्या गळतीविषयी लिहावे, असे आम्ही ठरवले. कारकुनाने पाना-पकडीच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे कुणी म्हणेल. पण डिझेलची गळती ही जितकी मिस्त्रीची बाब आहे, तितकीच वहीची आहे. आणि वहीतली गळती ज्याच्या नावावर पडते, त्याच्या घरात त्या महिन्याला किराणा कमी येतो. त्यामुळे हा विषय घरातल्या भगिनींनीही वाचावा, अशी विनंती आहे.

आमच्या वस्तीतील एक चालक बंधू कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल भरून जालन्याला जातात आणि परतीचे भाडे घेऊन येतात. गाडी टाटाची जुनी १६१२, मालक दुसरे. एका फेरीचे जाऊन-येऊन ८३० किलोमीटर मीटरवर पडतात. शेठनी लिटरला साडेचार किलोमीटरचे ॲव्हरेज ठरवून दिलेले. म्हणजे फेरीला १८४-१८५ लिटर. त्याहून जास्त लागले तर फरक पगारातून. वर्षभर हा हिशेब बरोबर जमत होता. मग एकाएकी फेरीला १९५ लिटर लागू लागले. साडेदहा लिटरचा फरक, लिटरला नव्वद रुपये धरून ९४५ रुपये. पहिल्या महिन्यात पाच फेऱ्या झाल्या, ४,७२५ रुपये कापले. दुसऱ्या महिन्यात सहा फेऱ्या, ५,६७० रुपये. दोन महिन्यांचे मिळून १०,३९५. आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे अड्ड्यावर चारचौघांत शब्द निघाला की, हा वाटेत डिझेल विकतो.

शेठनी आपल्या परीने तपास केला होता. गाडी रात्री उभी असताना खाली वाकून पाहिले, जमीन कोरडी. सकाळी एका सेल्फात गाडी चालू. इंजिनाचा आवाज ठीक, धूर नेहमीचा. मग डिझेल गेले कुठे? त्यांच्या दृष्टीने उत्तर एकच होते.

आम्ही त्या बंधूंची खिशातली वही मागून घेतली. ही वही ते इमानाने लिहीत होते, म्हणून पुढचे सगळे शक्य झाले. तारीख, निघताना मीटर, पोहोचल्यावर मीटर, कुठे किती डिझेल, कुठे किती वेळ खोळंबा. दोन संध्याकाळी आम्ही ती वही आकडेमोडीला लावली. तीन गोष्टी निदर्शनास आल्या. पहिली, फरक एका विशिष्ट तारखेपासून सुरू झाला होता, त्याआधी एकदाही नाही. दुसरी, फरक प्रत्येक फेरीला जवळपास सारखाच होता, नऊ ते अकरा लिटरच्या आत. चोरणारा माणूस असा मापून चोरत नाही. तो एखाद्या फेरीला वीस लिटर काढील, पुढच्या फेरीला भिऊन काहीच काढणार नाही. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्या एका फेरीला घाटात गाडी चार तास अडकली आणि इंजिन चालूच ठेवावे लागले, त्या फेरीला फरक सगळ्यात जास्त होता. म्हणजे नुकसान किलोमीटरवर नव्हते, वजनावरही नव्हते. ते इंजिन किती तास चालले यावर होते. इंजिन चालू असतानाच गळते आणि बंद केले की थांबते, असे काहीतरी त्या गाडीत होते.

येथे थोडे डिझेलच्या वाटेविषयी सांगितले पाहिजे. जुन्या गाडीत, म्हणजे जिच्यात संगणकाचे डबडे नाही आणि बाजूला मायकोचा लांबट पंप बसवलेला आहे, अशा गाडीत डिझेल टाकीतून निघते ते फीड पंप ओढून घेतो. त्याच फीड पंपावर हाताने दाबायचा हँडपंप असतो. तिथून ते फिल्टरमध्ये जाते, फिल्टरमधून मोठ्या पंपात. मोठा पंप त्यावर प्रचंड दाब देऊन लोखंडी नळ्यांनी एकेका नोझलला पाठवतो. पण पंपात जाते ते सगळे डिझेल जळत नाही. जास्तीचे डिझेल आणि नोझलमधून पाझरलेले डिझेल रिटर्न पाईपने परत टाकीत येते. ही परतीची वाट पुष्कळ जण विसरतात.

आता गळती कुठे आहे त्याप्रमाणे तिची लक्षणे बदलतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतची वाट ही ओढण्याची वाट आहे. इथे फट पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. चालक म्हणतो, गाडी एअर घेते. रात्रभर उभी राहिली की सकाळी हँडपंप मारल्याशिवाय चालू होत नाही, चढावर मधेच दम तोडते. खाली थेंब दिसेलच असे नाही. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब आहे, तिथे डिझेल बाहेर येते. फिल्टरच्या बुडाशी, बँजो बोल्टच्या तांब्याच्या वॉशरपाशी, हँडपंपाच्या दांड्याशी ओल धरते. मोठ्या पंपाच्या डोक्यावरच्या नळ्यांची गळती आणखी वेगळी, तिथे धार नसते, फवारा असतो.

आणि एक गळती अशी असते की, ती बाहेर दिसतच नाही. फीड पंपाचा किंवा मोठ्या पंपाचा आतला भाग झिजला तर काही इंजिनांत डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरते. ऑईलची पट्टी काढून पाहिली तर ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसते, बोटाला पातळ लागते आणि वास डिझेलचा येतो. असे दिसले तर गाडी पुढे नेऊ नये. पातळ ऑईलवर बेअरिंग टिकत नाहीत, आणि मग खर्च हजारांत राहत नाही.

आमच्या बंधूंच्या गाडीत सकाळी सेल्फ एकदम लागत होता, म्हणजे ओढण्याच्या वाटेवर हवा शिरत नव्हती. ऑईलची पट्टी ठीक होती. उभ्या गाडीखाली थेंब नव्हता, म्हणजे टाकी फुटलेली नव्हती. टाकीचे झाकण आम्ही आधी पाहायला लावले, कारण झाकणाचा रबर गेला आणि टाकी काठोकाठ भरली की घाटात वळणावर लिटर-दोन लिटर सहज हिंदकळून जाते. तो रबर शाबूत होता.

खरा धागा वहिनींनी दिला. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे इंजिनाला हात लावत नाहीत, तरी यांच्या पँटीला उजव्या गुडघ्यावर डिझेलचा डाग असतो. दर फेरीला. साबणाने जात नाही." आम्ही बंधूंना विचारले की, तुम्ही गुडघा टेकता कुठे. ते म्हणाले, टाकीमागच्या चाकाशी, आतल्या टायरची हवा बघायला. जालन्याला पोहोचल्यावर गाडी उभी केली की पहिले ते करतो. म्हणजे गाडी नुकतीच थांबलेली असते तेव्हा तिथे ओल असते आणि सकाळपर्यंत ती वाळून किंवा धुळीत मुरून जाते! शेठ सकाळी वाकून बघत होते.

रविवारी मिस्त्रींना बोलावले. त्यांनी केलेले काम आम्ही जवळ उभे राहून पाहिले आणि लिहून घेतले, ते असे. इंजिन थंड असताना टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून परत टाकीपर्यंत सगळे पाईप आणि चासीची ती बाजू ब्रशने धुतली, फडक्याने कोरडी केली. जुन्या गाडीवर वर्षानुवर्षांचा काळा थर असतो, त्यात नवी ओल जुन्या ओलीपासून ओळखू येत नाही. मग सगळ्या जोडांवर खडूची भुकटी लावली. घरात लहान बाळ असेल तर त्याची पावडरही चालते. पांढऱ्यावर डिझेलचा ओघळ लगेच दिसतो. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढेमागे दगड, गियर न्यूट्रल. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जायचे नाही. जवळ विडी-काडी नाही. क्लीनरच्या गळ्यातला गमछा मिस्त्रींनी आधी काढून ठेवायला लावला, पंख्याच्या पट्ट्यात अडकू नये म्हणून. मग इंजिन चालू करून थोडी रेस दिली आणि खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरली.

मिस्त्रींचा एक नियम आम्हाला पटला. थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते. डिझेल पाईपवरून, चासीवरून घरंगळत जाते आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागे नेतो. म्हणून ओलीचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ठिपका शोधायचा, तिथून मागे-खाली यायचे नाही.

दहा मिनिटांत सापडले. रिटर्न पाईप टाकीजवळ चासीच्या आडव्या पट्टीवरून येतो, तिथे तो पट्टीला घासून घासून कागदासारखा पातळ झाला होता आणि केसाएवढी चीर पडली होती. इंजिन चालू असले की परतीचे डिझेल त्या चिरेतून बारीक उडायचे, पट्टीच्या आतल्या अंगाने ओघळून मागच्या चाकावर जायचे. इंजिन बंद केले की परतीचा प्रवाहच बंद. पाईप टाकीच्या वरच्या अंगाला जोडलेला, त्यामुळे टाकीतले डिझेल उलटे यायचे कारण नाही. उभी गाडी कोरडी ठणठणीत. पाईप घासला का, तर त्याला धरून ठेवणारी क्लिप जागेवर नव्हती. वहीत पाहिले, फरक सुरू झाला त्याच्या आधीच्या महिन्यात टाकीचा पट्टा बदलल्याची नोंद होती. पट्टा बदलताना काढलेली क्लिप परत बसवलीच नव्हती.

दुरुस्ती लगेच करू नका, असे आम्ही मिस्त्रींना सांगितले. आधी माप. खोकल्याच्या औषधाची शंभर मिलीची रिकामी बाटली चिरेखाली धरली. इंजिन चालू ठेवून ती पंधरा मिनिटांत भरली. तासाला चारशे मिली. फेरीला चोवीस तास इंजिन चालते, म्हणजे ९ लिटर ६०० मिली. वहीतला फरक साडेदहा. उरलेले जेमतेम लिटरभर जास्त रेसमध्ये जास्त उडते, त्याचे. हे सगळे तिथेच कागदावर लिहिले, मिस्त्रींनी सही केली, क्लीनरने सही केली, आणि शेठनाही बोलावून प्रत्यक्ष दाखवले. पाईप बदलून झाल्यावर हा पुरावा कुणाला दाखवणार होतो? कापलेला जुना तुकडा बंधूंनी घरी ठेवला आहे.

मग मिस्त्रींनी तो पाईप पूर्ण बदलला. नुसता रबराचा तुकडा घालून दोन तारा आवळून देणारे कारागीर हायवेवर पुष्कळ आहेत, आणि पाण्याची नळी डिझेलला लावणारेही. पाण्याच्या नळीचे रबर डिझेलमध्ये फुगते आणि काही महिन्यांत फाटते. डिझेलची जाळीची नळी वेगळी मिळते, तीच मागावी. बँजोचे दोन्ही तांब्याचे वॉशर नवे घातले. वाटेत नवे मिळाले नाहीत तर जुना वॉशर लाल तापवून थंड करतात, त्याने तांबे पुन्हा मऊ होते आणि तात्पुरते बसते. पण चार रुपये वाचवण्यासाठी चपटा झालेला वॉशर तसाच आवळून त्यावर जोर काढू नये, बोल्टच तुटतो. क्लिप नवी लावली आणि पाईप जिथे पट्टीजवळून जातो तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. सामान ३८० रुपये, मजुरी २००.

मिस्त्रींनी त्या दिवशी आणखी दोन गोष्टी बजावून सांगितल्या, त्या आम्हाला पाईपपेक्षा मोलाच्या वाटतात. पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांच्या गळतीवर कधीही बोट फिरवून पाहू नये. ट्रकच्या टायरमध्ये शंभर-एकशेदहा पौंड हवा असते. या नळ्यांतला दाब जुन्या गाडीतही त्याच्या पंचवीसपटीहून जास्त जातो. तो बारीक फवारा कातडी फोडून डिझेल आत घालतो. वरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, फारसे दुखतही नाही, आणि काही तासांत बोट, मग हात सडायला लागतो. असे झाले तर हळद-चुना न लावता त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जावे आणि दाबाचे डिझेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, नाहीतर खूण बघून मलमपट्टी करून परत पाठवतील. गळती शोधायची तर लांबून पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. नट आवळायचा तो इंजिन बंद करून, आणि दुसऱ्या पान्याने खालचा नट धरून, नाहीतर पंपाच्या डोक्यावरचा तो होल्डर फिरतो आणि पंपाचे सेटिंग बिघडते. चिरलेली दाबाची नळी ब्रेझिंग करून वापरू नये, ती बदलायचीच.

दुसरी गोष्ट टाकीची. टाकीला बारीक भोक पडले तर वाटेत कपड्याच्या साबणाची वडी घासून किंवा एम-सील लावून घरापर्यंत येता येते, हे सगळ्या चालकांना ठाऊक आहे आणि ते ठीकच आहे. पण वेल्डिंगला टाकी द्यायची तर नुसती रिकामी करून देऊ नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा मिसळलेली असते. डिझेल पेट्रोलसारखे पेटत नाही या भरवशावर वेल्डरची पोरे ठिणगी पाडतात आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. टाकी गरम पाण्याने आणि साबणाने पुनःपुन्हा धुऊन, वाफ काढून, अनुभवी माणसाकडेच द्यावी. शंका असेल तर नवी किंवा दुसऱ्या गाडीची टाकी घ्यावी.

ज्यांची स्वतःची गाडी आहे त्यांच्यासाठी थोडे. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणारे डिझेल फार कमी गंधकाचे आहे. अमेरिकेत १९९३ साली असे कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा जुन्या पंपांचे रबरी सील आक्रसून गळू लागल्याचे दिसले होते. जुन्या पंपाची गळती वरचेवर नट आवळून थांबत नसेल तर आतले सील बदलून घ्यावेत, ते काम पंप-नोझलवाल्याकडचे आहे, रस्त्यावरचे नाही. फिल्टर किंवा ओढण्याचा पाईप उघडला की हवा काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँडपंप मारावा, फेस जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत. तो आवळून मग मोठ्या पंपावरचा स्क्रू. हे क्लीनरने शिकून घेतलेच पाहिजे. रात्री दोन वाजता घाटात मिस्त्री येत नाही. आणि रस्त्यावर सांडणाऱ्या डिझेलवरून मागचा मोटारसायकलवाला घसरतो, तो कुणाच्या तरी घरचा असतो.

राहता राहिला पगाराचा प्रश्न. नुकसानीपोटी पगारातून कपात करायची तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि कपातीआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. हे १९३६ च्या वेतन कायद्यात होते आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. ठरलेल्या ॲव्हरेजवरून परस्पर आकडा कापणे यात बसत नाही. आम्ही शेठना हे भांडून नव्हे, अर्ज लिहून कळवले. सोबत वहीतील अकरा फेऱ्यांचा तक्ता, बाटलीचे माप आणि मिस्त्रींची सही जोडली. अर्जाची पोच घेतली. पोच न घेता दिलेला अर्ज हा अर्ज नसतो, हे आमच्या नोकरीतले पहिले शिक्षण.

दुरुस्तीनंतर तीन फेऱ्या झाल्या. डिझेल लागले १८५, १८३ आणि १८६ लिटर. दर वेळी त्याच पंपावर, त्याच जागी गाडी उभी करून टाकी गळ्यापर्यंत भरून मोजलेले. शेठनी दुसऱ्या महिन्याचे ५,६७० रुपये पगारासोबत दिले. पहिल्या महिन्याचे ४,७२५ रुपये अजून यायचे आहेत, "पावसाळ्यानंतर बघू," असे म्हणतात. अड्ड्यावर जो शब्द निघाला होता, तो त्यांनी चारचौघांत मागे घ्यावा असे वहिनींचे म्हणणे आहे, आणि बाकी पैशाच्या दुसऱ्या अर्जात तेही आम्ही लिहिले आहे.

ज्या चालक बंधूंना फेऱ्यांची वही कशी आखावी हे हवे असेल, त्यांनी साप्ताहिकाच्या पत्त्यावर कार्ड टाकावे. पुढील अंकी बॅटरीचे पाणी आणि सेल्फ याविषयी.